मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा पडला आहे. मोटार अपघात दाव्यात काय आणि कसे मागावे?

धाकटी

नमस्कार. माझ्या दादाच्या दुचाकीला मालवाहू टेम्पोने मागून धडक दिली, त्या गोष्टीला आता तीन महिने उलटून गेले आहेत. पाठीचा बारावा मणका, म्हणजे डी-१२, चिरडला जाऊन मज्जारज्जूला इजा झाली. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळ्या बसवल्या, परंतु कमरेखाली त्याला ना संवेदना आहे, ना हालचाल. दादाचे वय ३४ आहे. तो वायरमन असून स्वतःची कामे घेत असे. वहिनी आणि दोन लहान मुले त्याच्यावर अवलंबून आहेत.

पोलिसांनी टेम्पोचालकावर गुन्हा नोंदवला आहे. टेम्पोचा विमा चालू होता, मात्र चालकाच्या परवान्याची मुदत संपलेली होती, असे आता समजते. त्यामुळे विमा कंपनीवर काहीच जबाबदारी येत नाही, असे एका गृहस्थांनी आम्हाला सांगितले. दादाने हेल्मेट घातलेले नव्हते, त्याचाही बाऊ केला जात आहे. दादाने कधी आयकर विवरणपत्र भरलेले नाही; कामाचे पैसे काही रोख, तर काही मोबाइलवर येत. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर निदान म्हणून फक्त ‘पॅराप्लेजिया’ (कमरेखालचा भाग लुळा पडणे) एवढाच शब्द आहे.

रुग्णालयाच्या आवारात भेटलेला एक मध्यस्थ ‘मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या, बाकी सगळे मी बघतो’ असे म्हणतो. दुसरीकडे नातेवाईक म्हणतात, आधी दादा बरा होऊ द्या, दाव्याचे नंतर पाहता येईल. घरात कोणालाच कोर्टकचेरीची माहिती नाही. थांबावे की लगेच अर्ज करावा, आणि करायचाच तर नेमके काय काय मागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दावेवकील

ताई, पहिली गोष्ट म्हणजे थांबू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्यातला हा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. या मुदतीच्या वैधतेला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे हे खरे असले, तरी त्या भरवशावर दादाचा दावा टांगणीला लावण्यात शहाणपण नाही. अर्ज करण्यासाठी उपचार पूर्ण झालेले असण्याची गरज नसते. अर्ज आज करता येतो. अपंगत्वाचा वैद्यकीय पुरावा पुढे, साक्षीच्या वेळी, देता येतो. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मुदत हातची घालवतात.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. तो जिथे अपघात झाला तिथे करता येतो, दादा राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, राहतो तिथेही करता येतो. निवड तुमची आहे आणि घराजवळचे न्यायाधिकरण निवडणेच तुमच्या सोयीचे ठरेल. सामनेवाल्यांमध्ये चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही घाला. तपास अधिकाऱ्यांकडे सविस्तर अपघात अहवालाची चौकशी करा. २०२२ च्या नियमांनुसार तो ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा आणि कायद्यानुसार न्यायाधिकरण त्या अहवालालाच अर्ज मानते. तरीही स्वतःचा स्वतंत्र अर्ज दाखल करावा, कारण पोलिसांच्या अहवालात दादाच्या पुढच्या गरजांचा उल्लेख क्वचितच असतो.

परवान्याच्या मुद्द्यावर त्या गृहस्थांनी तुम्हाला अर्धेच सांगितले आहे. परवान्याच्या अटीचा भंग झालेला असला, तरी विमा कंपनीने आधी जखमी व्यक्तीला रक्कम द्यावी आणि मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. स्वरणसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे तत्त्व विस्ताराने मांडले आहे. तो वाद विमा कंपनी आणि मालक यांच्यातला आहे. दादाच्या वाट्याला तो येऊ नये यासाठी वकिलाने हा मुद्दा युक्तिवादात ठळकपणे मांडायला हवा.

हेल्मेटविषयी एकच विचारायचे: हेल्मेट असते तर बारावा मणका वाचला असता का? केवळ एखादा नियम मोडला म्हणून अपघातातला दोष जखमीच्या माथी मारता येत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो. एका दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच म्हटले आहे.

आता रकमेविषयी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा २०१० चा निर्णय अशा दाव्यांचा पाया आहे. शरीराचे अपंगत्व किती टक्के, हा एक प्रश्न आणि त्यामुळे कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, हा निराळा प्रश्न, असे तो सांगतो. प्रमाणपत्रावर ८० टक्के लिहिलेले असले, तरी शिडीवर चढून वायरिंग करणाऱ्या माणसाची कमाई शंभर टक्के बुडालेली असू शकते. गणित साधारण असे चालते. समजा, दादाचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये सिद्ध झाले, तर वर्षाचे २,४०,००० होतात. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत असल्यामुळे भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की ३,३६,००० होतात. सरला वर्मा निर्णयातील तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयोगटाला १६ चा गुणक लागतो, म्हणजे वर्षाच्या रकमेला १६ ने गुणतात, म्हणून ही रक्कम ५३,७६,००० रुपयांवर जाते. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात होत नाही, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च उलट वाढला आहे.

हा झाला केवळ बुडालेल्या कमाईचा भाग. झालेला वैद्यकीय खर्च, पुढचा वैद्यकीय खर्च, मदतनीसाचा खर्च, चाकाची खुर्ची आणि इतर साधने, घरातले बदल, वेदना आणि यातना, आयुष्यातल्या सुखांना मुकणे ही शीर्षके स्वतंत्र आहेत आणि ती अर्जात स्वतंत्रपणेच मागावीत. हत्तंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या १९९५ च्या निर्णयातील अर्जदार वकील होते आणि अपघातामुळे त्यांचेही कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. पैशात मोजता येणारी आणि न येणारी हानी वेगवेगळी कशी पाहावी, हे तिथे नीट सांगितले आहे.

मध्यस्थाला नम्रपणे दूर ठेवा. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, मग मध्यस्थाचा प्रश्नच उरत नाही. फीची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे.

चाकांवरून

ताई, मी स्वतः डी-१० पातळीच्या इजेनंतर या सगळ्यातून गेलो आहे. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी कागदावर न येणाऱ्या गोष्टी कशा कागदावर आणाव्यात, तेवढेच सांगतो.

भरपाई एकदाच मिळते. दहा वर्षांनी जखम चिघळली किंवा खुर्ची मोडली, म्हणून पुन्हा त्याच न्यायाधिकरणात जाऊन वाढीव रक्कम मागता येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या आयुष्याचा खर्च आजच मांडावा लागतो, आणि तो मांडायचा तर दादाचा एक दिवस कसा जातो, हे अर्जात आणि साक्षीत दिसले पाहिजे.

वहिनींना एक वही घालायला सांगा. रात्री दर दोन तासांनी दादाची कूस बदलावी लागत असेल, तर किती वाजता कोण उठले, ते लिहा. लघवीसाठी दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालावी लागते. ती कोण घालते, एका महिन्यात किती नळ्या, किती हातमोजे, किती जेली लागते, ते लिहा. पोट साफ होण्याला सकाळचा किती वेळ जातो, हे लिहायला संकोच वाटतो, पण तेही लिहा. खुर्ची शौचालयाच्या दारातून आत जात नसेल, तर दाराची आणि खुर्चीची रुंदी मोजपट्टीने मोजून दोन्ही आकडे नोंदवा, जमल्यास छायाचित्र काढा. माझ्या दाव्यात दाराच्या त्या छायाचित्राने जे काम केले, ते वैद्यकीय कागदांच्या गठ्ठ्याने केले नाही.

मदतनीसाच्या खर्चाबाबत विशेष जागरूक राहा. ‘सेवा तर पत्नीच करते, मग खर्च कसला?’ असा प्रश्न हमखास येतो. वहिनी जे करतात ते बाहेरच्या माणसाने केले असते, तर त्याला पगार द्यावा लागला असता. घरचे माणूस राबते म्हणून ते काम फुकटचे ठरत नाही. काजल विरुद्ध जगदीशचंद या २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मदतनीसाचा खर्चही गुणक लावून काढला आहे. दादाच्या बाबतीत महिना १०,००० रुपये धरले, तरी १६ च्या गुणकाने १९,२०,००० होतात. ठोक म्हणून लाख-दोन लाख रुपये मागून हे शीर्षक उरकून टाकणारे अर्ज मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

उलटतपासणीत मला विचारले होते, ‘तुमचे हात चालतात ना? मग बसून करण्याचे काम करता येईल.’ दादालाही हे विचारले जाईल. त्याने चिडू नये. किती वेळ सलग बसता येते, बसल्याने पाठीला आणि माकडहाडाजवळ काय होते, कामाच्या ठिकाणी नळी घालण्याची सोय आहे का, हे त्याने शांतपणे सांगावे. न्यायाधिकरणापर्यंत जाणे शक्य नसेल, तर घरी येऊन साक्ष नोंदवण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज करता येतो; माझी साक्ष तशीच झाली.

पुनर्वसन_डॉक्टर

धाकटी ताई, घरी सोडतानाच्या कागदावर केवळ ‘पॅराप्लेजिया’ असणे ही या प्रकरणातली खरी कच्ची बाजू आहे आणि ती आत्ताच दुरुस्त करता येण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून सविस्तर अहवाल मागा. त्यात इजेची मज्जासंस्थेतील पातळी, तिची श्रेणी, मूत्राशय आणि गुदमार्गावरील नियंत्रणाची स्थिती आणि पुढे लागणारी देखभाल एवढे तरी असावे. श्रेणी ‘एशिया’ या मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता सांगणाऱ्या मोजपट्टीवर ‘ए’ ते ‘ई’ अशी लिहिली जाते. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराच्या भागातही संवेदना किंवा हालचाल उरलेली नाही, अर्थात इजा पूर्ण आहे. मात्र ही तपासणी नेमकी केव्हा झाली, याला महत्त्व असते. इजेनंतरच्या पहिल्या काळात मज्जारज्जू धक्क्याच्या अवस्थेत असतो आणि तेव्हाची श्रेणी अंतिम मानता येत नाही. म्हणून दादाची आता पुन्हा तपासणी करून घ्या. पहिली आणि आताची अशा दोन्ही नोंदी हाती असल्या, तर ‘अजून सुधारणा होईल’ या युक्तिवादाला उत्तर देता येते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय वैद्यकीय मंडळाकडून घ्यावे. सुधारणा थांबण्यापूर्वी गेलात, तर मंडळ तात्पुरते प्रमाणपत्र देऊ शकते. दाव्यासाठी कायमचे प्रमाणपत्र पाहिजे. पैसे मोजून हातोहात मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या वाटेला जाऊ नका. ज्याने रुग्णावर उपचारच केले नाहीत, त्या डॉक्टरच्या आयत्या प्रमाणपत्राकडे संशयाने पाहावे, असे राजकुमार निर्णयातच न्यायाधिकरणांना बजावले आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होणे आवश्यक असते आणि आम्हा डॉक्टर मंडळींना साक्षीला यायला वेळ नसतो, हेही खरे. वकिलांनी समन्स काढून घ्यावे. आलेल्या डॉक्टरला टक्के विचारून सोडू नका. हा माणूस शिडी चढू शकेल का, ओझे उचलू शकेल का, एकटा प्रवास करू शकेल का, असे विचारा, कारण कमाईची क्षमता किती गेली हे ठरवायला न्यायाधिकरणाला या उत्तरांचाच उपयोग होतो.

पुढच्या खर्चाच्या अंदाजात खुर्ची एकदाच धरलेली मी वारंवार पाहतो. खुर्ची झिजते आणि तिची गादी त्याहून लवकर बसते. गादी बसली की दाबजखम होते आणि खोल गेलेल्या दाबजखमेवर अनेक आठवडे उपचार किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडांची नियमित तपासणी, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे, फिजिओथेरपी हा खर्च आयुष्यभराचा आहे. आमच्यासारख्या एखाद्या पुनर्वसनतज्ज्ञाकडून हा अंदाज बाबवार आणि लेखी घ्या. वैवाहिक जीवनावर झालेला परिणाम हाही वैद्यकीय नोंदीचा भाग आहे. तो डॉक्टरला सांगायला पती-पत्नी लाजतात आणि मग ती हानी दाव्यात येतच नाही.

निवृत्त_विमेकरी

मी विमा क्षेत्रात दावे हाताळत असे, म्हणून दुसऱ्या बाजूने काय पाहिले जाते ते सांगतो. उत्पन्नाचा पुरावा हा आमचा पहिला हल्ला असे. विवरणपत्र नाही म्हणजे उत्पन्न नाही, असे मुळीच नसते. पण पुरावाच नसेल, तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरते आणि सगळे गणित तिथेच कोसळते. दादाचे बँकेचे उतारे, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, वायरमनचा परवाना असल्यास तो, सामान घेतलेल्या दुकानाची बिले गोळा करा. ज्यांची कामे त्याने केली, त्यांच्यापैकी दोन-तीन जणांनी साक्ष द्यावी. मात्र आकडा फुगवू नका. एक खोटे बिल सापडले, की बाकीच्या खऱ्या बिलांवरही अविश्वास दाखवणे सोपे जाते. वैद्यकीय विमा असेल, तर त्यातून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा होणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवले आहे. त्यामुळे ती लपवण्याचे काहीच कारण नाही.

तडजोडीबद्दल मात्र माझे मत वकीलसाहेबांना कदाचित रुचणार नाही. विमा कंपनीकडून लेखी प्रस्ताव आला, तर तो उघडूनही न पाहता नाकारू नका. निकाल आणि पुढे अपील यात वर्षे जातात, आणि दादाला गादी व नळ्या आज पाहिजेत. वाजवी रक्कम लवकर मिळणे हेही काही कमी नसते.

दावेवकील

तडजोडीला माझा विरोध नाही, घाईला आहे. कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि पुनर्वसनतज्ज्ञाचा खर्चाचा अंदाज हाती येण्यापूर्वी केलेली तडजोड म्हणजे उंची न मोजता शिवलेला अंगरखा. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. उलट न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. प्रस्ताव आला, तर त्यांची रक्कम कोणत्या शीर्षकाखाली किती धरली आहे, ते लेखी मागा. मदतनीसाचा आणि पुढील वैद्यकीय खर्चाचा रकाना बहुधा रिकामा किंवा नाममात्र सापडेल, आणि बोलणी तिथूनच सुरू करावीत.

आणखी एक. अर्जात मागितलेल्या आकड्यापेक्षा जास्त रक्कम देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हे नागप्पा निर्णयाने २००३ पासून स्पष्ट आहे. ‘चाकांवरून’ यांनी सांगितलेला एकदाच मिळण्याचा मुद्दाही त्याच निर्णयातला. म्हणून आज खर्चाचा पक्का हिशेब तयार नाही, या कारणाने अर्ज अडवून ठेवू नका.

धाकटी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. रक्कम मंजूर झाली, तरी ती बँकेत ठेव म्हणून अडकवतात, असे ऐकले आहे. घरातले शौचालय बदलायला पैसे लगेच लागतील. शिवाय दादाला सही करता येते, तरी अर्ज वहिनींच्या नावाने करावा, असे काही जण म्हणतात.

दावेवकील

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या सुसम्मा थॉमस निर्णयापासून मोठ्या रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याची पद्धत आहे. हेतू असा, की अडाणी किंवा असहाय अर्जदाराचे पैसे मध्यस्थांनी आणि आप्तांनी लुबाडू नयेत. पण तो नियम डोळे झाकून लावायचा नसतो. शौचालय, खुर्ची चढवण्याचा उतार, खुर्ची आणि देणी यांसाठी किती रक्कम तातडीने पाहिजे, याचा अंदाजपत्रकासह अर्ज निकालाच्या वेळीच द्या. पुढेही गरज पडली, तर ठेव मोडण्याची परवानगी मागता येते. तोपर्यंत ठेवीवरचे व्याज दर महिन्याला दादाच्या खात्यात जमा व्हावे, असा आदेश मागून घ्या.

अर्ज दादाच्याच नावाने करा. तो सज्ञान आहे, शुद्धीवर आहे आणि हानी त्याची झाली आहे. येण्याजाण्याच्या कामासाठी तो वहिनींना अधिकारपत्र देऊ शकतो. दुर्दैवाने दावा चालू असताना काही बरेवाईट झालेच, तर भरपाईचा हक्क वारसांकडे जातो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केलेली आहे. या आठवड्यात प्रथम माहिती अहवाल, पंचनामा, टेम्पोच्या विमा पॉलिसीची प्रत आणि रुग्णालयाची सर्व मूळ बिले एका फाइलमध्ये लावा आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन या. मूळ बिले कोणाच्याही हाती देऊ नका. द्यावीच लागली, तर पोच घ्या.